सोंडा, दहाची लेन्स आणि ३० एप्रिल

२०२५च्या निकॉन स्मॉल वर्ल्ड या मायक्रोस्कोपमधून काढलेल्या फोटोंच्या स्पर्धेत पहिला नंबर कुणाचा आला ठाऊक आहे? सोंड्याचा. पावसाळ्यात तांदूळ निवडताना सुपातून झटकून टाकतो ना आपण, तोच. चीनच्या झांग यू यांनी तांदळाच्या दाण्यावर पंख पसरलेला सोंडा टिपला. त्यासाठी प्रत्येकी थोडा वेगळा फोकस असलेले शंभराहून जास्त फोटो एकावर एक रचले, आणि लेन्स वापरली फक्त पाचची, म्हणजे पाच पट मोठं दाखवणारी.

हे मुद्दाम आधी सांगते, कारण ‘मायक्रोस्कोपमधून फोटो काढते’ म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, “किती पट मोठं दिसतं?” मी मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर शंभरची लेन्स, तेलाचा थेंब आणि रक्ताच्या स्लाइडी. मोठं करून बघायची मला काही नवलाई नाही. पण स्पर्धेसाठी घरच्या मायक्रोस्कोपवर बसले की माझा हात चारच्या आणि दहाच्या लेन्सकडे जातो. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. पैसे, वेळ आणि डोकं जिथे खर्च करायचं ते म्हणजे प्रकाश आणि नमुन्याची सफाई.

आधी स्पर्धेबद्दल थोडं. स्मॉल वर्ल्ड १९७५पासून चालू आहे, २०११पासून व्हिडिओंसाठी वेगळी स्पर्धा आहे. फोटो प्रकाशाच्या मायक्रोस्कोपमधून काढलेला हवा, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची चित्रं चालत नाहीत. प्रवेश फुकट, माणशी तीन फोटो, मुदत साधारण ३० एप्रिल. दरवर्षीचे नियम मात्र स्वतः वाचा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. परीक्षक चार गोष्टी बघतात: नावीन्य, फोटोतून मिळणारी माहिती, तांत्रिक सफाई आणि नजरेला बसणारा ठसा. यात ‘किती पट’ कुठेच नाही.

जुन्या विजेत्यांची चित्रं त्यांच्या साइटवर वर्षवार लावलेली आहेत. कॅमेऱ्याला हात लावण्याआधी ती बघून काढा. दोन गोष्टी कळतील. एक, कुठल्या वाटेला जायचं नाही ते. २०२२चं विजेतं चित्र म्हणजे मादागास्करच्या पालीच्या गर्भाचा इवलासा पंजा. त्यासाठी ३०० तुकडे जोडलेले, प्रत्येक तुकड्यात सुमारे २५० थर, दोन दिवसांहून जास्त स्कॅनिंग आणि २०० जीबीच्या आसपास डेटा. ते कन्फोकल (लेझरनं थर-थर स्कॅन करणाऱ्या) मायक्रोस्कोपचं काम, संस्थेचं काम. त्यांच्याशी त्यांच्या मैदानात झुंजण्यात अर्थ नाही. दुसरं म्हणजे, कशाचा चोथा झालाय ते. फुलपाखराच्या पंखांवरचे खवले, डासाचं डोकं, व्हिटॅमिन सीचे रंगीत स्फटिक. हे काढूच नका असं नाही, हात बसवायला उत्तम आहेत. पण पाठवायचं असेल तर तुमच्या स्फटिकात असं काहीतरी हवं जे आधीच्या पन्नास जणांत नव्हतं.

मायक्रोस्कोप घेताना

आपल्याकडचे कॉलेजातले बहुतेक मायक्रोस्कोप हरियाणातल्या अंबाल्याहून आलेले असतात, आणि जुने बरे मिळतात. मेडिकलची किंवा बीएस्सीची पोरं शिक्षण संपलं की विकून टाकतात. घेण्याआधी सगळ्यात आधी चाळीसची लेन्स तपासा. शंभरच्या लेन्सला तेल लावायचं आणि मग नोजपीस (लेन्स बसवलेली चकती) फिरवताना चाळीसची त्याच तेलातून ओढायची, ही सवय सार्वत्रिक आहे. लेन्स काढा, आयपीस (डोळा लावायची लेन्स) काढून उलटा धरा आणि त्यातून लेन्सचं टोक बघा. तेलाचा वाळलेला पिवळा पापुद्रा असेल तर लगेच दिसतो. आत जाळीसारखी बुरशी दिसली तर सौदा सोडा.

दुसरी गोष्ट, स्टेज, म्हणजे स्लाइड ठेवायचा चौथरा. फोकस करून पाच मिनिटं गप्प बसा आणि पुन्हा बघा. चित्र धूसर झालं असेल तर स्टेज स्वतःच्या वजनानं खाली सरकतेय. स्लाइड तपासणाऱ्याला त्यानं काही फरक पडत नाही, तो बोटानं सावरून घेतो. शंभर फोटोंचा थर लावणाऱ्याचं मात्र वाटोळं होतं. टेन्शनची रिंग आवळून काम होत असेल तर ठीक.

तिसरी, कंडेन्सर, म्हणजे स्टेजखाली उजेड गोळा करून नमुन्यावर पाडणारा भाग. तो वरखाली होणारा हवा आणि त्याला उघडझाप करता येणारा डायफ्रॅम (उजेड कमी-जास्त करणारा पडदा) हवा. कंडेन्सर जागेवर घट्ट बसवलेला असेल तर ते खेळणं समजा. डोकं ट्रायनॉक्युलर (दोन डोळ्यांना दोन नळ्या, कॅमेऱ्याला तिसरी) मिळालं तर सोन्याहून पिवळं, जुना मिररलेस कॅमेरा अॅडॉप्टरनं थेट बसतो. नसेल तर मोबाइलचा होल्डर आयपीसवर लावा, कॅमेरा प्रो मोडमध्ये टाका, रॉ फाइल चालू करा, आणि एक्स्पोजर व व्हाइट बॅलन्स हातानं कुलूपबंद करा. ऑटोवर ठेवलं तर प्रत्येक फोटोत फोन आपलं मत बदलत राहतो.

लेन्सवर कोरलेले आकडे वाचायला शिका. १०/०.२५ म्हणजे दहाची लेन्स, न्यूमरिकल अॅपर्चर, म्हणजे लेन्स किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करते त्याचं माप, ०.२५. खरी ताकद या दुसऱ्या आकड्यात. हिरव्या प्रकाशात ०.२५ची लेन्स सुमारे १.३ मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दोन ठिपके वेगळे दाखवते, चाळीसची ०.६५वाली सुमारे अर्ध्या मायक्रॉनपर्यंत. त्यापुढे आयपीस बदला, मोबाइलवर झूम करा, नुसता फुगवटा वाढेल, तपशील नाही. पण हाच आकडा वाढला की फोकसची खोली झपाट्यानं घटते. चारच्या लेन्सला सुमारे ५५ मायक्रॉन, दहाच्या लेन्सला ९च्या आसपास, चाळीसच्या लेन्सला जेमतेम सव्वा. आमच्या धंद्यातलं माप सांगायचं तर एक लाल पेशी ७-८ मायक्रॉन रुंद असते. म्हणजे दहाच्या लेन्सनं एका वेळी साधारण एका लाल पेशीच्या रुंदीएवढीच जाडी फोकसमध्ये राहते. आणि चाळीसची लेन्स तर नमुन्यापासून मिलिमीटरभराच्या आत आल्याशिवाय फोकसच होत नाही, मग वरून उजेड शिरणार कुठून? किड्यासाठी ती विसरा.

किडा तयार करणे

सोंडाच घेऊ. फुकट मिळतो, मेला म्हणून कुणी हळहळत नाही, आणि दिसायला राजबिंडा असतो: लांब सोंड, तिच्यावर कोपरात वाकलेल्या मिशा, पाठीवर खड्ड्यांच्या ओळी आणि चार तांबूस-पिवळे ठिपके. लांबी तीन मिलिमीटरच्या आसपास. आईला सांगून तांदळाच्या डब्यातले हवे तेवढे घ्या, डबीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. खिडकीच्या चौकटीत वाळून पडलेला सापडला तर तोही चालतो. झांग यू यांचा सोंडा असाच खिडकीपाशी सापडला होता.

मग सफाई. नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसणारा सोंडा दहाच्या लेन्सखाली पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसतो. पाठीच्या प्रत्येक खड्ड्यात तांदळाचं पीठ गच्च बसलेलं असतं. ते सॉफ्टवेअरमध्ये पुसता येईल असं वाटतं, पण खड्ड्यात एक बारीक केसही असतो आणि पीठ पुसताना तोही जातो. म्हणून आधीच धुवायचं. वॉच ग्लासमध्ये (काचेच्या उथळ बशीत) कोमट पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. सोंडा त्यात तासभर भिजू द्या. मग शून्य नंबरच्या वॉटरकलर ब्रशनं सोंडेकडून शेपटाकडे, केसांच्या दिशेनंच, हलके हात फिरवा. उलट दिशेनं ब्रश नेला की केस मोडतात. दोनदा साध्या पाण्यातून, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलमधून काढा आणि टिशूच्या टोकानं पाणी शोषून घ्या. झाकून वाळवा. पंख्याखाली ठेवला तर वाळता वाळता घरातली सगळी धूळ पुन्हा गोळा करतो.

पंख उघडायचे असतील तर किडा मऊ हवा. वाळलेला असेल तर घट्ट झाकणाच्या डबीत ओला कापूस, त्यावर प्लास्टिकचा तुकडा, त्यावर किडा, आणि बुरशी धरू नये म्हणून कापसावर डेटॉलचे दोन थेंब. दुसऱ्या दिवशी पाय हलवून बघा, न मोडता हलले तर तयार. वरचे कडक पंख इन्सुलिनच्या सुईनं कडेकडून उचला. आतले पातळ पंख घडी घालून ठेवलेले असतात, ते सुईनं न ओढता ओल्या ब्रशच्या टोकानं उलगडा. दोन्ही बाजूंना कागदाच्या पट्ट्या टाचून तसेच वाळू द्या. यात बरेच सोंडे फुकट जातात. डबा भरलेला असतो, चिंता नसावी.

शेवटी टाचणीच्या टोकावर फेव्हिकॉलचा कणभर ठिपका आणि त्यावर पोटाकडून किडा. टाचणी फोटोत दिसणार नाही असा कोन आत्ताच बघून ठेवा. दाण्यावर बसवणार असाल तर दाणाही धुतलेला, अखंड, चकचकीत निवडा. फोटोत अर्धी जागा तोच व्यापतो.

उजेड

तुमचे आणि विजेत्यांचे फोटो शेजारी ठेवले तर पहिला फरक इथे दिसतो. किड्याची पाठ म्हणजे गोल आरसा. उघडा एलईडी लावला की पाठीवर पांढरा जळका डाग पडतो, त्याखालचं सगळं गेलं. म्हणून किड्याभोवती पडदा हवा. मी ट्रेसिंग पेपरची नळी करते, साधारण अंगठ्याएवढी रुंद, आणि लेन्सच्या टोकाला अडकवते. ती नमुन्यापर्यंत पोचली पाहिजे. टेबल टेनिसचा चेंडू अर्धा कापून त्याला भोक पाडलं तरी भागतं. बाहेरून दोन दिवे. एक मुख्य, वरून डावीकडून. दुसरा उजवीकडून, अंतर दुप्पट. दोन्ही सारख्या अंतरावर ठेवले की खड्डे सपाट होतात आणि पाठ प्लास्टिकची वाटते. कागदाचा एक थर कमी-जास्त करून दर वेळी एक फोटो काढा आणि डोळ्यात पडणारं प्रतिबिंब बघा. तिथे दिव्याचा ठिपका न दिसता मऊ, पसरट उजळपणा दिसला की थांबा.

स्वस्त एलईडी दिवे डिमरवर लुकलुकतात आणि इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये आडवे पट्टे येतात. दिवा पूर्ण उजेडावर ठेवून तो लांब-जवळ करा, डिमरला हात लावू नका.

काचेच्या स्लाइडवरचा नमुना असेल, म्हणजे शेवाळं, पानाचा छेद, डबक्याचं पाणी, तर खालून येणारा उजेड नीट बसवायला ऑगस्ट कोहलरनं १८९३मध्ये सांगितलेली पद्धत आजही तीच आहे. दिव्याजवळचा डायफ्रॅम बारीक करा, कंडेन्सर वरखाली करून त्याची कड स्पष्ट आणा, मध्यभागी घ्या, मग फील्ड (आयपीसमध्ये दिसणारं वर्तुळ) भरेपर्यंत उघडा. कंडेन्सरचा डायफ्रॅम लेन्सच्या अॅपर्चरच्या तीन-चतुर्थांशापर्यंत. दिव्याजवळ डायफ्रॅमच नसलेले मायक्रोस्कोप पुष्कळ, तिथे काळ्या कागदात भोक पाडून दिव्यावर ठेवा. आणखी एक गंमत: कंडेन्सरखालच्या फिल्टरच्या जागी मधोमध काळ्या कागदाची गोल टिकली चिकटवलेलं पारदर्शक प्लास्टिक ठेवा. पार्श्वभूमी काळी होते आणि डबक्यातला जीव स्वतःच उजळल्यासारखा दिसतो. काळ्या टिकलीऐवजी निळी, भोवती पिवळी रिंग लावली की झाली ऱ्हाइनबर्गची रंगीत उजेडाची पद्धत. तो प्रकार १८९६चा आहे, तरी परीक्षकांना अजून आवडतो.

घरातली अमृतधारा

स्फटिकांत नावीन्य हवं म्हटलं ना? किराणा दुकानात अमृतधारेत घालायचं पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल मिळतं. रसायनाच्या भाषेत मेंथॉल आणि थायमॉल. ओव्याच्या फुलाचा साबुदाण्याएवढा खडा स्लाइडवर ठेवा, वर कव्हरस्लिप (पातळ काच), आणि स्लाइड गरम पाण्याच्या वाटीवर धरा. थायमॉल ५० अंशांच्या आसपास वितळतं. स्लाइडची खालची बाजू पुसून स्टेजवर ठेवा. आता पोलरॉइडचे, म्हणजे प्रकाशाला एकाच दिशेनं कंपू देणाऱ्या फिल्मचे, दोन तुकडे. जुन्या कॅलक्युलेटरच्या डिस्प्लेवरची फिल्मही चालते. एक दिव्यावर, एक लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे कुठेही. वरचा फिरवत फील्ड काळंकुट्ट करा.

थायमॉल लबाड आहे, थंड झालं तरी बराच वेळ द्रवच राहतं. कव्हरस्लिपच्या कडेला कोरड्या खड्याचा कण टेकवा. त्या कोपऱ्यातून रंगांची आघाडी सरकत येते, सुया पंख्यासारख्या उलगडत जातात, आणि दोन आघाड्या भिडतात तिथे सरळ रेघ पडते. फोटोला ती रेघच कंपोझिशन देते, तिची वाट बघा. रंग फिके वाटले तर दोन पोलरॉइडच्या मधे सेलोटेपचे एक-दोन थर लावलेली रिकामी स्लाइड घाला आणि फिरवून बघा. व्हिडिओच्या स्पर्धेसाठीही हाच नमुना आयता आहे. खिडकी उघडी ठेवा, नाहीतर घरभर पानपट्टीचा वास येतो.

भूगर्भशास्त्रात कुणी ओळखीचं असेल तर आपल्याच बेसॉल्टची पातळ चकती मागून घ्या, ०.०३ मिलिमीटर जाडीची. याच दोन पोलरॉइडमध्ये ती काय दिसते ते मी लिहिण्यात अर्थ नाही, बघाच.

थर लावणे

किड्याची जाडी एक मिलिमीटर धरली, तर चारच्या लेन्सनं दर ३५ मायक्रॉनला एक असे तीसेक फोटो पुरतात. दहाच्या लेन्सनं दर ६ मायक्रॉनला एक, म्हणजे दीडशेच्या वर. २०१८चा पहिला नंबर यूसेफ अल हब्शी यांच्या भुंग्याच्या डोळ्याला मिळाला. वीसची लेन्स आणि १२८ फोटो. २०२१मध्ये जेसन कर्क यांनी ओकच्या पानाच्या पाठीवरचे केस टिपले, त्यात सुमारे २०० फोटो. एवढा धीर लागतोच.

बारीक फोकसच्या नॉबवर बहुतेक ठिकाणी एक खूण म्हणजे २ मायक्रॉन, पण तुमच्या यंत्राचं तपासून घ्या. नॉब एकाच दिशेनं फिरवायचा, चुकून मागे गेलात तर थर पहिल्यापासून. किड्याच्या अलीकडे थोडं आणि पलीकडे थोडं जास्तीचं घ्या. शटर टायमरवर किंवा इअरफोनच्या बटणावर, आणि नॉब सोडल्यावर दोन सेकंद थांबून. हादऱ्यांचं म्हणाल तर मायक्रोस्कोप कडप्प्याच्या फरशीवर ठेवते आणि फरशीखाली सायकलच्या ट्यूबच्या घड्या. आमच्या घरावरून एसटी जाते, म्हणून थराचं काम रात्री अकरानंतर, पंखा बंद, आणि घरातल्यांना चालायला बंदी. एप्रिलमध्ये पंखा बंद करून दीडशे फोटो काढणं काय असतं ते मिरजेत येऊन बघा.

फोटो जोडायचं सॉफ्टवेअर म्हणजे झेरीन स्टॅकर किंवा हेलिकॉन फोकस, फुकटात पिकोले. झेरीनमध्ये जोडायच्या दोन पद्धती आहेत: पीमॅक्स केस आणि मिशा छान धरतो, पण गुळगुळीत भागावर कचकच आणतो. डीमॅपचं नेमकं उलट. दोन्ही काढा आणि डीमॅपच्या चित्रावर पीमॅक्सच्या मिशा रीटचच्या ब्रशनं आणून बसवा. सेन्सरवर धुळीचा एक कण असेल तर तो थरभर रेघ होऊन पसरतो, तेव्हा आधी पांढऱ्या फील्डचा एक फोटो काढून बघा.

रंग, कॉन्ट्रास्ट जपून. सोंडा तपकिरी असतो, त्याला तांबडा करून परीक्षक फसत नाहीत. नंतर घातलेला रंग असेल तर प्रवेशिकेत तसं लिहा.

पाठवताना

माहितीच्या रकान्याला लोक हलक्यात घेतात. नमुन्याचं शास्त्रीय नाव (सोंड्याचं सिटोफिलस ओरायझी), उजेडाची पद्धत, किती फोटोंचा थर हे सगळं लिहा. लेन्सची पट लिहिताना ऑब्जेक्टिव्हची (नमुन्याकडच्या लेन्सची) लिहा, आयपीसनं गुणून नाही. दहाच्या लेन्सला ‘१००एक्स’ लिहिणाऱ्याला काम येत नाही हे वाचणाऱ्याला तिथेच कळतं. काय आहे ते एका वाक्यात सांगता येत नसेल तर माहिती या निकषावर गुण कसे मिळणार?

माझ्यासारखे लॅबमधले जे असतील त्यांना वेगळं सांगते: पेशंटच्या स्लाइडी घरी न्यायच्या नाहीत, स्पर्धेला तर नाहीच. कितीही सुंदर पेशी दिसू दे. लेखी परवानगी आणि संस्थेची मंजुरी असेल तरच. तसंच कासच्या पठारावरचं दवबिंदूचं रोप खुडून आणून त्याच्या चिकट केसांचा फोटो काढायची कल्पना कुणाला सुचली असेल तर ती तिथेच सोडा. बागेतल्या टोमॅटोच्या देठावरचे केस काही कमी देखणे नसतात.

तीन फोटो पाठवायची मुभा आहे म्हणून एकाच सोंड्याचे तीन कोन पाठवू नका. एक किडा, एक स्फटिक, एक वनस्पती असे वेगळे ठेवा. रॉ फाइली आणि न जोडलेला थर जपून ठेवा, कुणी विचारलं तर दाखवता आला पाहिजे.

वर्षाचं गणित असं बसतं: सोंडे आणि शेवाळं पावसाळ्यात गोळा करायचे, कारण तेव्हा ते मुबलक असतात. धुऊन वाळवलेले किडे सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डबीत, आणि त्याच डब्यात लेन्सही, नाहीतर ऑगस्टमध्ये दोन्हींवर बुरशी. फोटो दिवाळीनंतर, थंडीत, पंख्याविना. जोडणी आणि रीटच फेब्रुवारी-मार्चमध्ये. अपलोड २५ एप्रिलच्या आत उरकायचं, शेवटच्या रात्री जगभरचे लोक तिथेच गर्दी करतात आणि आपल्याकडे नेमकी तेव्हाच लाइट जाते.